फ्लोरिनयुक्त सर्फॅक्टंट आणि काउंटरआयन: मायसेलचा आकार कोण ठरवतं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

काउंटरआयन म्हणजे नेमकं काय, आणि त्याची एवढी चर्चा कशासाठी?

सर्फॅक्टंट म्हणजे साबणासारखा पदार्थ. आयनिक सर्फॅक्टंटच्या रेणूला पाणी टाळणारी एक शेपटी असते आणि एक विद्युतभारित डोकं. शेपट्या आत, डोकी बाहेर अशी या रेणूंची पाण्यात जी पुंजकी होतात, ती म्हणजे मायसेल. डोक्यावर ऋणभार असेल तर तो भरून काढायला सोबत एखादा धनभारित आयन लागतोच: लिथियम, सोडियम, अमोनियम, सीझियम, किंवा टेट्राएथिल-अमोनियमसारखा सेंद्रिय आयन. हाच काउंटरआयन. बाटलीवरच्या नावात तो निम्मी जागा घेतो, पण बोलताना आपण त्याला सर्रास गाळतो. “पीएफओएसचं द्रावण” म्हटलं की काम भागलं असं वाटतं.

तसं ते भागत नाही. परफ्लुओरोऑक्टेनसल्फोनेटचा (हाच पीएफओएस; शेपटीवर हायड्रोजनच्या जागी सगळे फ्लोरिन) लिथियम क्षार पाण्यात छोटे, जवळपास गोल मायसेल बनवतो आणि द्रावण पाण्यासारखंच पातळ राहतं. त्याच ऋणायनाचा टेट्राएथिल-अमोनियम क्षार घ्या, मायसेल लांबच लांब धाग्यासारखे वाढतात आणि द्रावण लवचीक, घट्टसर होतं. शेपटी तीच, डोकं तेच. बदलला तो फक्त सोबतचा आयन.

फ्लोरिनची शेपटी साध्या हायड्रोकार्बन शेपटीपेक्षा वेगळी का वागते?

फ्लोरिनचा अणू हायड्रोजनपेक्षा मोठा आहे. व्हॅन डर वाल्स त्रिज्या हायड्रोजनची सुमारे १.२ अँगस्ट्रॉम, तर फ्लोरिनची सुमारे १.४७. आकड्यांत फरक किरकोळ दिसतो, पण प्रत्येक कार्बनवर दोन-दोन फ्लोरिन बसवले की ते एकमेकांना खेटू लागतात. मग साखळी सरळ नागमोडी न राहता किंचित पीळ घेते आणि ताठ होते. शेपटीचा छेद हायड्रोकार्बनमध्ये साधारण २० चौरस अँगस्ट्रॉम असतो, तो इथे २७ ते ३० पर्यंत जातो.

दुसरी गोष्ट म्हणजे पाण्याचा तिटकारा. पाण्यातून बाहेर पडण्याच्या बाबतीत फ्लोरिनयुक्त एक कार्बन हायड्रोकार्बनच्या साधारण दीड ते पावणेदोन कार्बनांइतका भरतो. सोडियम ऑक्टॅनोएटला मायसेल बनवायला लिटरला सुमारे ४०० मिलिमोल लागतात. तेवढ्याच कार्बनांच्या सोडियम परफ्लुओरोऑक्टॅनोएटचं काम तिशी-पस्तिशीत होतं. बारा कार्बनांचा सोडियम लॉरेट पंचविशीच्या आसपास आहे. म्हणजे आठ कार्बनांची फ्लोरिन शेपटी साधारण अकरा-बारा कार्बनांच्या साध्या शेपटीचं काम करते. लांबी मात्र आठचीच राहते. आखूड, जाड आणि ताठ अशी ही शेपटी. पुढचा सगळा खेळ या तीन विशेषणांवर चालतो.

आकार ठरतो कसा? गणित समजावून सांगाल का?

सांगतो, आणि थोडं सावकाश, कारण हे एकदा नीट बसलं की बाकीचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

इस्रायलाचविली, मिचेल आणि निनहॅम यांनी १९७६ मध्ये एक साधं गुणोत्तर मांडलं. शेपटीचं आकारमान घ्यायचं, आणि त्याला डोक्याने पृष्ठभागावर अडवलेलं क्षेत्रफळ व शेपटीची लांबी यांच्या गुणाकाराने भागायचं. उत्तर एक-तृतीयांशापर्यंत असेल तर गोल, एक-तृतीयांश ते अर्धा असेल तर दांडी, आणि अर्ध्यापासून एकपर्यंत असेल तर सपाट पापुद्रा.

आता परफ्लुओरोऑक्टॅनोएट घेऊ. शेपटीत फ्लोरिनयुक्त सात कार्बन. आकारमान साधारण ३३५ घन अँगस्ट्रॉम, लांबी साधारण १०. यावरून गोल मायसेलसाठी प्रत्येक डोक्याला जवळजवळ १०० चौरस अँगस्ट्रॉम जागा लागेल, दांडीसाठी ६७ पुरेल, पापुद्र्यासाठी ३४. साध्या ऑक्टॅनोएटच्या सात कार्बनांच्या शेपटीचं आकारमान सुमारे २१६ आणि लांबी १०.४. तिथे गोलासाठी ६२ चौरस अँगस्ट्रॉमवर भागतं.

आयनिक मायसेलमध्ये डोक्यामागे प्रत्यक्षात जागा किती मिळते? ठोकळमानाने ६० ते ७०. हायड्रोकार्बनच्या रेणूसाठी एवढी जागा म्हणजे आरामात गोल. फ्लोरिनच्या रेणूसाठी तीच जागा म्हणजे दांडी आणि पापुद्रा यांच्या सीमेवर उभं राहणं. गोल टिकवायचा असेल तर डोक्यांमधलं प्रतिकर्षण बऱ्यापैकी जोरदार हवं, आणि ते प्रतिकर्षण किती उरतं हे काउंटरआयनच्या हातात असतं. माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे. हायड्रोकार्बन सर्फॅक्टंटमध्येही काउंटरआयन महत्त्वाचा असतो, पण फ्लोरिनच्या बाबतीत रेणू मुळातच काठावर उभा असल्यामुळे हलकासा धक्काही आकार पालटून टाकतो.

आणखी एक हिशेब करून बघा. शेपटीच्या लांबीएवढी, म्हणजे १० अँगस्ट्रॉम त्रिज्या असलेला गोल काढला, तर त्यात परफ्लुओरोऑक्टॅनोएटच्या जेमतेम बारा-तेरा शेपट्या मावतात. सोडियम डोडेसिल सल्फेटसाठी हाच हिशेब पंचावन्नच्या आसपास जातो. मोजमापात फ्लोरिनयुक्त मायसेल बारा-तेराहून मोठे येतात. तेव्हा लिथियम-सोडियमच्या क्षारांना आपण सवयीने “गोल” म्हणत असलो, तरी काटेकोरपणे ते थोडे चपटे किंवा थोडे लांबट असणारच. या लेखातही “गोल” हा शब्द याच सैल अर्थाने वाचावा.

आयन बदलला की सीएमसी (मायसेल बनायला लागणारी किमान संहती) किती हलते?

अल्कली धातूंमध्येच फेरफार केला तर फार नाही. परफ्लुओरोऑक्टॅनोएटचे लिथियम, सोडियम, अमोनियम, पोटॅशियम क्षार २५ ते ३६ मिलिमोलरच्या पट्ट्यात येतात. लिथियम-सोडियम वरच्या टोकाला, पोटॅशियम खालच्या. सेंद्रिय आयन आला की मात्र उडी मोठी असते. पीएफओएसच्या लिथियम क्षाराची सीएमसी ६-७ मिलिमोलर, टेट्राएथिल-अमोनियम क्षाराची सुमारे १.

मीठ घातलं की सीएमसी उतरते, आणि ती काउंटरआयनच्या एकूण संहतीनुसार उतरते. दोन्हींचे लॉगरिदम घेऊन आलेख काढला तर सरळ रेषा मिळते. कॉरिन आणि हार्किन्स यांनी १९४७ मध्ये दाखवलेला हा संबंध फ्लोरिनयुक्त रेणूंनाही लागू पडतो. रेषेच्या उतारावरून किती टक्के काउंटरआयन मायसेलला चिकटून आहेत याचा अंदाज येतो. बहुतेक एकभारी आयनांसाठी तो अर्ध्यापासून पाऊणच्या आसपास असतो.

सीएमसी आणि आकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथेच सांगून ठेवतो. सीएमसी कमी झाली म्हणजे मायसेल लांब झाले असं थेट म्हणता येत नाही.

लिथियम एवढासा आणि सीझियम एवढा मोठा. तरी मायसेलला सीझियम जास्त चिकटतो, हे कसं?

आवर्तसारणीतल्या त्रिज्या पाहून हा प्रश्न पडणं साहजिक आहे. लिथियमची नुसती त्रिज्या सुमारे ०.७६ अँगस्ट्रॉम, सीझियमची १.६७. पण पाण्यात नुसता आयन कधीच फिरत नाही. लिथियमचा भार इवल्याशा जागेत एकवटलेला असल्यामुळे तो पाण्याचे रेणू घट्ट धरून बसतो. त्याची जलयोजन ऊर्जा मोलला सुमारे ५२० किलोज्यूल आहे, सीझियमची त्याच्या जेमतेम निम्मी. परिणामी पाण्यासकट मोजलं तर लिथियमच मोठा ठरतो आणि डोक्यापासून दूर राहतो. सीझियम आपलं पाणी सहज सोडतो, डोक्याला जवळून भिडतो आणि भार जास्त चांगला झाकतो.

जोड कुणाची कुणाशी जमते याचा एक उपयुक्त नियम किम कॉलिन्स यांनी मांडला: पाण्याशी सारख्याच ताकदीने बांधलेले आयन एकमेकांशी जुळतात. सल्फोनेट हे मऊ, पाणी सैल धरणारं डोकं, म्हणून त्याला सीझियम-पोटॅशियम मानवतात. साधं कार्बोक्सिलेट पाणी घट्ट धरतं, त्यामुळे तिथे क्रम बिघडू किंवा उलटू शकतो. पण परफ्लुओरो कार्बोक्सिलेटमध्ये शेजारचे फ्लोरिन डोक्यावरचे इलेक्ट्रॉन ओढून घेतात आणि ते डोकं साध्या फॅटी ॲसिडच्या डोक्यापेक्षा बरंच मऊ होतं. म्हणून साबणांवरचे निष्कर्ष उचलून परफ्लुओरोऑक्टॅनोएटला चिकटवू नयेत. ही गफलत बऱ्याच ठिकाणी दिसते.

टेट्राएथिल-अमोनियममध्ये असं काय आहे की गोलांचे धागे होतात?

तीन गोष्टी एकत्र येतात.

पहिली म्हणजे हा आयन पाण्याला जवळ धरून ठेवत नाही. चार एथिल गटांनी भार मध्यभागी झाकलेला असतो, त्यामुळे सल्फोनेटजवळ येताना त्याला पाण्याचं आवरण सोडायची किंमत जवळजवळ मोजावी लागत नाही. दुसरी, त्याला स्वतःलाही पाणी फारसं आवडत नाही. मायसेलच्या पृष्ठभागावर येऊन बसणं त्याला सोयीचं पडतं, म्हणून चिकटलेल्या आयनांचं प्रमाण वाढतं. तिसरी, तो आकाराने एवढा मोठा आहे की एकाच वेळी दोन-तीन सल्फोनेट डोक्यांच्या संपर्कात राहू शकतो. डोक्यांमधलं प्रतिकर्षण घटतं आणि माणशी, म्हणजे रेणूमागे, जागा आक्रसते. काठावर उभा असलेला रेणू दांडीच्या बाजूला जायला एवढं पुरतं.

इथे हायड्रोकार्बनच्या दुनियेतलं एक प्रसिद्ध उदाहरण आठवतं. सीटॅब या धनभारित हायड्रोकार्बन सर्फॅक्टंटमध्ये सोडियम सॅलिसिलेट घातलं की असेच लांब धागे तयार होतात. पण तिथे सॅलिसिलेटचं वलय शेपट्यांच्या थरात थोडं आत शिरतं. टेट्राएथिल-अमोनियमला ती मुभा नाही, कारण हायड्रोकार्बन आणि फ्लोरोकार्बन यांचं आपसात पटत नाही. एथिल गट पाण्यातून सुटायला बघतात, पण फ्लोरिनच्या गाभ्यातही त्यांना थारा नसतो. आयन डोक्यांच्या थरातच अडकून राहतो. बाहेरून एकच परिणाम दिसला तरी आतली यंत्रणा निराळी आहे, आणि म्हणूनच “सीटॅब-सॅलिसिलेटसारखं” एवढं म्हणून सोडून देणं मला पटत नाही.

लिथियम आणि टेट्राएथिल-अमोनियम यांचे क्षार मिसळून प्रमाण हळूहळू बदललं की मधल्या पायऱ्याही बघायला मिळतात. क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एका टोकाला ठिपके दिसतात, दुसऱ्या टोकाला धागे. चिकटपणा मात्र मिश्रणाच्या प्रमाणात सरळ रेषेत वाढत नाही. धागे एकमेकांत गुंतण्याइतके लांब होईपर्यंत विशेष काही घडत नाही, आणि गुंतायला लागले की द्रावणाचा स्वभावच पालटतो.

मग त्याहूनही मोठा आयन घेतला तर धागे आणखी लांब होतील का?

नाही. आयन मोठा होत गेला की तो स्वतःच डोक्यांमध्ये जागा अडवू लागतो, आणि भार झाकल्याचा फायदा गर्दीत खर्च होतो. टेट्राब्युटिल-अमोनियमपर्यंत पोचलं की वेगळाच प्रकार दिसू लागतो. डोडेसिल सल्फेटसारख्या ऋणभारी सर्फॅक्टंटसोबत हा आयन असेल तर द्रावण तापवल्यावर गढूळ होऊन दोन थरांत फुटतं. हे वागणं एरवी आपण भाररहित सर्फॅक्टंटमध्ये पाहतो. मोठा आयन हवा, पण अति मोठा नको, एवढं लक्षात ठेवलं तरी चालेल.

सीझियम परफ्लुओरोऑक्टॅनोएटमध्ये चकत्या होतात म्हणे?

होतात, आणि हे या क्षेत्रातलं सगळ्यात देखणं उदाहरण आहे. बोडेन आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये या क्षाराच्या पाण्यातल्या द्रावणात नेमॅटिक प्रावस्था स्थिर असल्याचं दाखवलं. म्हणजे मायसेल चकतीसारखे चपटे असतात आणि त्या चकत्या जागा ठरलेली नसतानाही एकाच दिशेला तोंड करून राहतात. संहती आणि तापमान यांच्या बऱ्याच मोठ्या पट्ट्यात ही प्रावस्था टिकते. थंड केलं की चकत्या थराथरांत रचल्या जातात, तापवलं की दिशा हरवून साधं द्रव उरतं. अमोनियम क्षारही याच कुळातला आहे.

चपटा आकारच का आणि धागा का नाही? साध्या गुणोत्तराने विचार केला तर गोलानंतर दांडी यायला हवी, चकती नाही. इथे शेपटीचा ताठपणा उपयोगी पडतो. ताठ शेपट्यांना शेजारी-शेजारी समांतर उभं राहणं सोपं जातं, म्हणून सपाट मधला भाग त्यांना मानवतो. कडेला मात्र वळण घ्यावंच लागतं, आणि तिथे डोक्यांना जास्त जागा मिळते. सीझियम भार इतपत झाकतो की सपाट भाग परवडतो, पण इतका नाही की कडा नाहीशी व्हावी. पापुद्रा अखंड पसरत जाण्याऐवजी चकतीवर थांबतो. ही माझी सोपी मांडणी आहे. ऊर्जेचा काटेकोर हिशेब करायला बसलं तर कडेची ऊर्जा आणि चकत्यांमधलं विद्युत प्रतिकर्षण दोन्ही धरावी लागतात.

खोलीच्या तापमानाला द्रावणात अचानक पांढरे स्फटिक दिसले. काय झालं असेल?

आधी पोटॅशियमवर संशय घ्या.

प्रत्येक आयनिक सर्फॅक्टंटला एक क्राफ्ट तापमान असतं. त्याखाली ते मायसेल बनवण्याइतकं विरघळतच नाही. हे तापमान काउंटरआयनवर विलक्षण अवलंबून असतं. पीएफओएसच्या लिथियम क्षाराचं ते शून्याच्याही खाली आहे, पोटॅशियम क्षाराचं ८० अंश सेल्सियसच्या आसपास. परफ्लुओरोऑक्टॅनोएटमध्ये सोडियमचं साधारण ८ अंश, पोटॅशियमचं २५ च्या जवळ. ताठ शेपट्यांचे स्फटिक छान रचले जातात, आणि पोटॅशियम त्या रचनेत नेमका बसतो.

हे पोटॅशियम येतं कुठून? पुष्कळदा पीएच मीटरमधून. इलेक्ट्रोडच्या आत संहत पोटॅशियम क्लोराइड भरलेलं असतं आणि ते सच्छिद्र जोडातून थेंबाथेंबाने बाहेर झिरपतं. लिथियम क्षाराचं स्वच्छ द्रावण मोजायला घेतलं की जोडाच्या तोंडाशीच पांढरा साका धरतो, इलेक्ट्रोड तुंबतो आणि वाचन भरकटत जातं. डोडेसिल सल्फेट वापरणाऱ्यांनाही हा ताप ओळखीचा असेल. उपाय सोपा आहे: मूळ द्रावणात इलेक्ट्रोड बुडवू नका. थोडा नमुना वेगळा काढा, मोजा आणि टाकाऊच्या बाटलीत जमा करा. पोटॅशियम फॉस्फेटचं बफर वापरत असाल तर गोष्ट आणखी सरळ आहे. तुम्ही स्वतःच पोटॅशियम ओतत आहात.

आयनिक सामर्थ्य वाढवायला कोणतं मीठ घालावं?

ज्याचा काउंटरआयन तुमच्या सर्फॅक्टंटमध्ये आहे, तेच. लिथियम क्षाराला लिथियम क्लोराइड, टेट्राएथिल-अमोनियम क्षाराला त्याचंच क्लोराइड किंवा ब्रोमाइड.

समजा टेट्राएथिल-अमोनियम क्षाराचं २५ मिलिमोलर द्रावण आहे आणि तुम्ही सवयीने १०० मिलिमोलर सोडियम क्लोराइड घातलं. आता पाण्यात सोडियम टेट्राएथिल-अमोनियमच्या चौपट झाला. मायसेलची पसंती टेट्राएथिल-अमोनियमला असली तरी काही जागा सोडियम बळकावणारच. त्यानंतर धाग्यांची लांबी बदललेली दिसली, तर ती भार झाकल्यामुळे बदलली की आयनांच्या अदलाबदलीमुळे, हे सांगता येणार नाही. एका प्रयोगात दोन गोष्टी बदलल्या. बफरही याच कारणाने जपून निवडावं. पीएफओएससारख्या प्रबळ आम्लाच्या क्षाराला बफरची बहुतेक वेळा गरजच नसते.

कॅल्शियम, मॅग्नेशियमसारखे दुहेरी भाराचे आयन?

एक आयन दोन डोकी धरतो, भार जोरात झाकला जातो, सीएमसी उतरते, क्राफ्ट तापमान चढतं. बऱ्याचदा आकाराचा अभ्यास करायची वेळच येत नाही, कारण साका खाली बसलेला असतो. कमी प्रमाणात, एकभारी क्षारात मिसळून वापरले तर उपयोगी. कठीण (कॅल्शियम-मॅग्नेशियमयुक्त) पाणी वापरू नये हे वेगळं सांगायला नकोच.

हवा तो क्षार तयार कसा करायचा?

दोन मार्ग. आम्ल हाताशी असेल तर हव्या त्या हायड्रॉक्साइडने उदासीन करायचं, किंवा असलेला क्षार आयन-विनिमय रेझिनमधून आम्ल रूपात आणून मग उदासीन करायचं. दुसऱ्या मार्गात जुना सोडियम मागे रेंगाळतो. शेवटी ज्वाला प्रकाशमापी किंवा आयसीपीने (प्लाझ्मात मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्राने) उरलेला सोडियम-पोटॅशियम तपासल्याशिवाय क्षार शुद्ध आहे असं समजू नका. टक्काभर भेसळ लिथियम क्षारात खपून जाईल, पण लांब धाग्यांच्या द्रावणात चिकटपणा तिच्यामुळे हलू शकतो.

मायसेलचा आकार मोजायला कोणतं तंत्र चांगलं?

एकच तंत्र घेऊन निष्कर्ष काढू नयेत, हे या विषयात इतर ठिकाणांपेक्षा जास्त खरं आहे.

वाहकता सर्वांत स्वस्त. सीएमसी आणि चिकटलेल्या आयनांचा अंदाज मिळतो, आकाराबद्दल ती जवळजवळ मुकी आहे.

क्ष-किरणांचं लघुकोन विकिरण फ्लोरिनसाठी सोयीचं, कारण फ्लोरोकार्बनची इलेक्ट्रॉन घनता पाण्याहून बरीच जास्त असते. हायड्रोकार्बनची पाण्याहून कमी असते. पण सावध राहा: सीझियम स्वतःच इलेक्ट्रॉनांनी भरलेला आहे. सोडियम क्षार आणि सीझियम क्षार यांचे आलेख शेजारी ठेवून “आकार बदलला” म्हणायच्या आधी, बदललेली गोष्ट कदाचित आयनांच्या कवचाची चमक एवढीच असेल हे तपासायला हवं.

न्यूट्रॉन विकिरणात उलटी गंमत आहे. हायड्रोकार्बन सर्फॅक्टंटसाठी सगळे जड पाणी (हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेलं) वापरतात. फ्लोरोकार्बनचा विकिरण घनांक (तो न्यूट्रॉन किती विखुरतो याचं माप) साधं पाणी आणि जड पाणी यांच्या मध्ये, तोही जड पाण्याच्या बाजूला झुकलेला असतो. म्हणून त्याला साध्या पाण्यातच जास्त उठाव मिळतो. यातून एक सुंदर युक्ती निघते. दोन्ही पाणी योग्य प्रमाणात मिसळून फ्लोरिनचा गाभा अदृश्य करून टाकायचा. मग टेट्राएथिल-अमोनियमसारखा हायड्रोजनने भरलेला काउंटरआयन तेवढा दिसत राहतो, आणि तो गाभ्याभोवती कुठे बसला आहे हे वाचता येतं. काउंटरआयनची जागा इतक्या थेट दाखवणारी तंत्रं फार थोडी आहेत.

एनएमआरमध्ये (अणुकेंद्रांच्या चुंबकीय अनुस्पंदनात) फ्लोरिन-१९ हा निसर्गात शंभर टक्के आढळणारा समस्थानिक, त्यामुळे संकेत जोरदार येतो. शेपटीच्या टोकाच्या गटाचं शिखर रेणू पाण्यातून मायसेलमध्ये गेला की सरकतं, आणि धागे लांब झाले की शिखरं रुंदावतात. काउंटरआयनची बाजू ऐकायची असेल तर लिथियम-७, सोडियम-२३, सीझियम-१३३ आहेतच. सेंद्रिय आयनासाठी प्रोटॉन एनएमआरने विसरण गुणांक मोजला की किती आयन मायसेलसोबत सावकाश फिरताहेत आणि किती मोकळे आहेत याचा हिशेब लागतो.

क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन डोळ्यांना पटवतं, म्हणूनच त्यावर जरा जास्त विश्वास ठेवला जातो. नमुना टिपकागदाने शोषून पातळ करताना धाग्यांवर ताण येतो आणि ते एका दिशेत ओढले जाऊ शकतात. रिओमीटरवरचं, म्हणजे द्रावणाच्या चिकटपणाचं, मोजमाप सोबत असलेलं बरं.

तापवल्यावर धागे तुटतात का?

लांबी कमी होते. धाग्याच्या प्रत्येक टोकाला अर्धगोल टोपी असते आणि ती बनवायला ऊर्जा खर्च होते. धाग्याची सरासरी लांबी या ऊर्जेवर घातांकी पद्धतीने अवलंबून असते, म्हणून तापमान थोडं वाढलं तरी लांबी भराभर घटते आणि द्रावण पातळ होतं. हे धागे पॉलिमरसारखे कायमचे जोडलेले नसतात. सतत तुटतात, पुन्हा जुळतात. केट्स यांनी १९८७ मध्ये याच तुटण्या-जुळण्यावरून अशा द्रावणांचा शिथिलन काळ (आलेला ताण विरायला लागणारा वेळ) समजावून दिला. काउंटरआयनची भूमिका इथेही आहे: चांगला चिकटणारा आयन धडाच्या तुलनेत टोपी महाग करतो, म्हणून धागे लांब राहतात.

हायड्रोकार्बन सर्फॅक्टंट मिसळलं तर?

फ्लोरिनच्या आणि हायड्रोकार्बनच्या शेपट्या एकाच मायसेलमध्ये नाखुशीने राहतात. डोक्यांचा भार सारखा असेल तर फ्लोरिनबहुल आणि हायड्रोकार्बनबहुल असे दोन प्रकारचे मायसेल शेजारी-शेजारी नांदू शकतात. विरुद्ध भाराचं सर्फॅक्टंट घेतलं तर तेच एकमेकांचे काउंटरआयन होतात, आणि मग शेपट्यांचं वैर भाराच्या ओढीपुढे बऱ्याच अंशी मागे पडतं.

हे पदार्थ तर बंदीच्या यादीत आहेत. मग अभ्यास कशासाठी?

पीएफओएस २००९ मध्ये आणि पीएफओए (परफ्लुओरोऑक्टॅनोएटचं मूळ आम्ल) २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत गेले. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पीएफओएला मानवी कर्करोगजनकांच्या पहिल्या गटात टाकलं. नव्याने हे रेणू वापरात आणण्याचं समर्थन मी करणार नाही. प्रयोगशाळेतही हातमोजे, वेगळी टाकाऊ बाटली आणि सिंकमध्ये एक थेंबही नाही, एवढी शिस्त हवीच. पण जे आधीच जमिनीत आणि पाण्यात गेलं आहे ते काढायचं असेल, तर हे रेणू आयनांच्या संगतीत कसे वागतात हे ठाऊक असावं लागतं. बुडबुड्यांवर बसवून फेसातून हे रेणू काढण्याची पद्धत घ्या. पाण्यात क्षार असतील तर डोक्यांमधलं प्रतिकर्षण घटतं आणि पृष्ठभागावर जास्त रेणू मावतात.

म्हणजे दूषित पाण्यातही मायसेल असतात?

नसतात. परफ्लुओरोऑक्टॅनोएटची सीएमसी लिटरला ग्रॅममध्ये सांगायची तर दहाच्या आसपास येते. पिण्याच्या पाण्यातल्या मर्यादा लिटरला नॅनोग्रॅममध्ये असतात. अमेरिकेने २०२४ मध्ये या दोन्ही रेणूंसाठी ४ नॅनोग्रॅमची मर्यादा ठरवली. मध्ये अब्जावधी पटींचं अंतर आहे. तिथे प्रत्येक ऋणायन एकटाच फिरतो आणि बाटलीवर लिथियम लिहिलं होतं की पोटॅशियम याला काही अर्थ उरत नाही. काउंटरआयनचा प्रभाव मात्र तिथेही संपत नाही, त्याची जागा बदलते. मातीच्या आणि गाळाच्या कणांवर ऋणभार असतो, त्यामुळे एरवी ते या ऋणायनांना दूर ढकलतात, पण पाण्यात कॅल्शियम वाढलं की हे रेणू गाळाला जास्त चिकटतात. भूजलातून ते किती वेगाने पुढे सरकतील याचा अंदाज बांधताना पाण्याचा कठीणपणा मोजून घेतात, तो याचसाठी.